निरखेजींची जोडाजोड

निरखेजी आमच्या हॉस्पिटलात टेम्पोतून आले. पुढे ड्रायव्हरजवळ जागा होती, पण ते मागे, गोणपाटात गुंडाळलेल्या मशीनला धरून उभे होते. इंदूरजवळच्या आमच्या शहरातली एक कापडगिरणी बंद पडली होती, तिचं सामान निघालं, त्यात गिरणीचा युनिक्स कॉम्प्युटर होता आणि तो आमच्या ट्रस्टने घेतला. मशीन चालवायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न ट्रस्टींना पडायच्या आतच निरखेजींनी तो सोडवला. गिरणीत हे मशीन तेच सांभाळत. "मशीन घेता तर मला पण घ्या, दुसऱ्या कोणाचं ते ऐकत नाही," असं ते थेट अध्यक्षांना जाऊन सांगून आले होते. अध्यक्षांनी त्यांना ठेवून घेतलं, पण नेमणूक केली ती हे मशीन वापरात असेपर्यंतच. म्हणजे मशीन गेलं की माणूसही गेला. निरखेजींनी याचा विचार केला असेल असं वाटत नाही. त्या वेळी ते पायऱ्यांवर हमालांशी भांडत होते.

मी नुकतीच बी.एस्सी. होऊन तिथे लागले होते. आमचं घर माधव नगरात, आई-वडील दोघंही शाळेत शिकवणारे. देश खुला झाला असं सगळे म्हणत होते, आणि आमच्यापुरतं ते खुलं होणं म्हणजे फ्रीगंजच्या गल्लोगल्ली निघालेले कॉम्प्युटर क्लास. टॉवर चौकातल्या एका जिन्यावरच्या अशाच क्लासात मी जेमतेम टायपिंग आणि चार कमांडी शिकले होते. तेवढ्यावर मला हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात घेतलं. विभाग म्हणजे एक हॉल, तीन टर्मिनल, म्हणजे मशीनला जोडलेले पडदे आणि की-बोर्ड, त्यांवर बसणाऱ्या आम्ही मुली, एक करकर करणारा प्रिंटर आणि निरखेजी.

उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनांची फौज आणि त्यातलं एकही लिहीत नसे. त्यांचा पाय एका जागी ठरत नसे. टाइपसुद्धा ते उभ्याने, की-बोर्डवर वाकून करत. पोहे खायला टॉवर चौकात गेलो तर द्रोण हातात घेऊन दुकानासमोर येरझाऱ्या घालत, आणि शेवटचा घास आमच्या तोंडात असताना त्यांची स्कूटर सुरू झालेली असे. कोणी काही सांगायला लागलं की अर्ध्या वाक्यातच "समजलं, समजलं, पुढे बोल," असा धोशा. दहातल्या नऊ वेळा त्यांना खरंच समजलेलं असे, याचाच जास्त राग यायचा. आणि कोणतंही काम सांगा, उत्तर एकच: "हो जाएगा. शाम तक हो जाएगा."

त्या मशीनमध्ये प्रोग्रॅम लिहायची मोठी भाषा नव्हती. ती वेगळी विकत घ्यावी लागे आणि गिरणीने ती कधी घेतलीच नव्हती. होतं ते फक्त शेल. शेल म्हणजे मशीनशी बोलायची खिडकी समजा. तिथे एक शब्द टाइप केला की मशीन एक लहानसं काम करतं: फाइलीतून हव्या त्या ओळी शोधतं, किंवा त्या क्रमाने लावतं, किंवा छापतं. एकेक काम एवढंएवढंसं. पण एकाने काढलेलं दुसऱ्याच्या हातात देता येतं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, बांधकामावर बाया घमेली हातोहात देतात तसं. असे शब्द ओळीने एका फाइलीत लिहून ठेवले की झाली स्क्रिप्ट. तिचं नाव टाइप करा, सगळी रांग आपोआप कामाला लागते. निरखेजींना या प्रकाराचं वेड होतं. ते त्याला जोडाजोड म्हणत.

त्यांच्या जोडाजोडीचा पहिला चमत्कार आम्ही पाहिला तो रक्तपेढीत. रक्तपेढी डॉ. दुबे मॅडमच्या ताब्यात होती. रक्तदात्यांची नावं त्यांनी एका खोक्यात कार्डांवर लिहून ठेवली होती, आणि एखाद्या दुर्मीळ गटाचं रक्त हवं झालं की दोन नर्सेस ते खोकं पुढ्यात घेऊन कार्डं चाळत बसत. निरखेजींनी एका सकाळी ते दृश्य पाहिलं आणि त्यांना ते सहन झालं नाही.

"मॅडम, ये डिब्बा मुझे दे दो."

"इसमें मेरे सारे डोनर हैं निरखेजी. एक भी कार्ड इधर-उधर हुआ तो?"

"नहीं होगा. शाम तक हो जाएगा."

आम्ही मुलींनी दिवसभर ती कार्डं टाइप केली. एका माणसाची एक ओळ: नाव, गट, मोहल्ला, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं. निरखेजी मागे उभे राहून "चला चला" करत होते. चहाच्या सुमाराला त्यांनी मॅडमना बोलावलं, एक शब्द टाइप करून पुढे 'बी निगेटिव्ह' आणि 'फ्रीगंज' लिहिलं. पडद्यावर नावं उतरली, ज्याला रक्त देऊन सर्वांत जास्त दिवस झाले होते तो सर्वांत वर. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हे करायला तुम्ही काय लिहिलंत ते दाखवा म्हणाल्या. निरखेजींनी दाखवलं. एक ओळ होती, तीही पडद्याच्या कडेपर्यंत पोचत नव्हती.

"बस? इतना ही?"

"इतना ही."

मला तेव्हा ते जादूगार वाटले होते, आणि त्या एका ओळीबद्दल मला आजही तसंच वाटतं. नंतर मी मोठमोठे प्रोग्रॅम पाहिले, काही लिहिलेही. सकाळी अडलेलं काम संध्याकाळी इतक्या कमी शब्दांत सुटलेलं फारसं पाहिलं नाही.

पण मग ते थांबेनात. लोकही थांबेनात म्हणा. रक्तपेढीचं झालं तर आमचं का नाही, म्हणून प्रत्येक खात्याचा माणूस हॉलच्या दारात. नोंदणी, वॉर्डातल्या खाटा, औषधं, डिस्चार्जचे कागद, स्वयंपाकघराला पेशंटांच्या पथ्याची यादी. नाही म्हणणं निरखेजींना येतच नव्हतं. एक स्क्रिप्ट दुसरीला हाक मारी, दुसरी तिसरीला. सगळ्यांची नावं बोलीतली: ढूंढो, जोडो, छापो, भेजो. नावात जागा सोडली की शेलला ती दोन वेगळी माणसं वाटत, म्हणून नाव आणि आडनाव यांच्यामध्ये खाली एक आडवी दांडी द्यायचा नियम झाला. काही महिन्यांत नर्सेस खाटेवरच्या पाट्यांवरही तशी दांडी काढू लागल्या, आणि डबा घेऊन येणारे नातेवाईक डब्यांवर.

एकदा हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी गेले होते. वहिनींनी मला घर दाखवलं ते तक्रारीच्या सुरात, पण हसू दाबून. गच्चीवरची टाकी भरली की त्यातला डबा वर येई, डब्याला बांधलेली दोरी खिडकीतून आत येऊन देवघरातली घंटा वाजवी. "ह्या घरात एक वस्तू एकटी नाही राहिली गं," वहिनी म्हणाल्या. "घंटा वाजली की मी मोटर बंद करायला धावते, आणि आमच्या सासूबाई हात जोडतात. त्यांना कोणी सांगितलंच नाही." निरखेजी तेवढ्यात आले, दोरी जरा ढिली आहे म्हणाले आणि बूट न काढताच गच्चीवर गेले.

त्यांची वाईट खोड एकच, पण ती जबर होती. चालू कामात हात घालायचा. शेलचं असं आहे की ते स्क्रिप्ट आधी पूर्ण वाचून घेत नाही. एक ओळ वाचतं, करतं, पुढची वाचतं. त्यामुळे ती बदलायला सोपी, भर दिवसा, कोणाला न विचारता. एकदा पथ्याच्या यादीत काही दुरुस्ती करताना त्यांनी फक्त भरती पेशंटच घेणारी ओळ काढून ठेवली, आणि नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघराने यादी मागवली. त्या दुपारी बाहेर कान दाखवायला आणि चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या सगळ्यांसाठी मुगाची खिचडी रांधली गेली. आचारी भला माणूस, त्याने मोठं पातेलं चढवलं आणि शंका विचारली नाही. लोकांनी ट्रस्टला दुवा देत खिचडी खाल्ली. मी निरखेजींना म्हटलं, बदल करायचे तर संध्याकाळी सगळं बंद झाल्यावर करा ना. ते म्हणाले, "बेटा, संध्याकाळपर्यंत थांबायचं कोणी?"

तोपर्यंत मशीनही कुरकुरायला लागलं होतं. त्यातली प्रत्येक गोष्ट साध्या फाइलीत ओळीने लिहिलेली, आणि काहीही शोधायचं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागे. शेकड्यात ओळी होत्या तेव्हा हे कळलं नाही. पुढे सकाळच्या नोंदणीला एकेक नाव सापडेपर्यंत रांगेतले लोक चहा पिऊन येऊ लागले. शिवाय एक मोठा धोका निरखेजींना सुरुवातीपासून ठाऊक होता. दोन जणींनी एकाच वेळी एकाच फाइलीत लिहिलं तर एकीचं लिहिलेलं पुसलं जाई. जोडाजोडीत घमेलं कोणाच्या हातात आहे हे बघायला मुकादम नसतो.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय त्यांनाच सुचू शकत होता. त्यांचे वडील फतेहाबादच्या छोट्या लाइनवर रेल्वेत होते. एकच रूळ, त्यामुळे ज्या ड्रायव्हरच्या हातात स्टेशनमास्तरने दिलेलं कडं असेल तीच गाडी निघणार, बाकीच्यांनी थांबायचं. निरखेजींनी वेताचं एक कडं आणून हॉलमध्ये खिळ्याला टांगलं. ज्या मुलीच्या गळ्यात कडं, तीच फाइलीत लिहिणार. आम्ही खूप हसलो, पण ते चाललं. तीन टर्मिनलं एका हॉलमध्ये होती तोवर अगदी उत्तम चाललं. मग वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात एक टर्मिनल गेलं, ऑपरेशन थिएटरजवळ एक, आणि कडं घेऊन जिने चढायची पाळी सरजूबाई नावाच्या आयावर आली. चार दिवसांनी ती कडं निरखेजींच्या टेबलावर आपटून म्हणाली, "मैं कोई इंजन हूँ?"

मग त्यांनी कड्याचं काम मशीनला दिलं. लिहायला सुरुवात करताना स्क्रिप्ट 'कुलूप' नावाची एक रिकामी फाइल ठेवी, लिहून झालं की काढून टाकी. कुलूप दिसलं की दुसरीने थांबायचं. विचार चांगला होता. पण आमच्याकडे वीज जायची ती काही सांगून नाही. लिहिता लिहिता एखादं टर्मिनल बंद पडलं की कुलूप तसंच राही, लावणारी निघून गेलेली, आणि सगळं हॉस्पिटल दाराबाहेर ताटकळत. काउंटरवर आरडाओरडा. निरखेजी धावत येत आणि कुलूप काढत. असं रोज होऊ लागलं तेव्हा त्यांनी संध्याकाळपर्यंतही वाट पाहिली नाही. 'तोडो' नावाची स्क्रिप्ट लिहिली आणि सगळ्या काउंटरना देऊन टाकली. अडलं की तोडो टाइप करा, कुलूप निघालं.

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "निरखेजी, कुलूप अडकलंय की आत कोणी खरंच काम करून राहिलंय हे काउंटरवरच्या मुलीला कसं कळणार?"

"थोडं थांबून बघेल ना."

"तुम्ही थांबता?"

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि मग खो खो हसले. "बाहेर पेशंट उभे आहेत बेटा. त्यांना कुलूप दाखवू?" तोडो राहिलं. महिनाभरात तो शब्द सगळ्या हॉस्पिटलच्या तोंडी बसला. नळ अडकला, कपाट उघडेना, लिफ्टचं दार लागेना, की कोणी तरी म्हणणारच, "अरे, तोडो कर दो."

याच सुमारास ट्रस्टींनी इंदूरच्या एका कंपनीला बोलावलं. कंपनीकडून जैन नावाचे इंजिनियर आले. सावकाश बोलणारा, सावकाश चहा पिणारा माणूस. ते प्रत्येक खात्यात जाऊन तास तास बसत, हे आधी होतं की ते आधी, एकाच वेळी दोघांनी मागितलं तर काय करता, असं विचारत आणि मोठ्या कागदावर चौकोन काढत. निरखेजींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "नकाशातच राहायला गेले हे लोक," ते म्हणत. "सहा महिने नुसतं विचारणार! मी तेवढ्यात अजून दहा खाती जोडून देतो." कंपनी आपलं नवं मशीन आणि नोंदी स्वतः सांभाळणारी नवी डेटाबेस यंत्रणा आणणार होती. जुनं मशीन निघालं की निरखेजींची नेमणूक संपणार, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींनाही. त्या मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "गिरणी गेली तेव्हा हे वर्षभर घरात फिरत होते गं. पुन्हा तसं नको." निरखेजींनी मात्र ट्रस्टींना जवळजवळ वळवलं होतं. जे आहे ते आज चालतं आहे, आणि जैनसाहेबांचं अजून कागदावर आहे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. सोमवारी कमिटी बसायची होती, आणि वारा निरखेजींच्या बाजूने होता.

त्याच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी, वीज गेली आणि आली. वरच्या वॉर्डात सांवेरजवळच्या गावाहून आलेली कमलाबाई नावाची बाळंतीण होती, तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एकच बाटली होती. वरच्या टर्मिनलवरच्या मुलीने ती कमलाबाईच्या नावाने राखून ठेवायला मशीनला सांगितलं. शेल लागलं कामाला, कुलूप लावून, फाइल पहिल्या ओळीपासून वाचत. त्याच वेळी थिएटरजवळच्या काउंटरवर त्याच गटाच्या दुसऱ्या पेशंटसाठी बाटली मागितली गेली. तिथल्या मुलीला कुलूप दिसलं. वीज नुकतीच आलेली, म्हणजे अडकलेलंच असणार. तिने सवयीने तोडो केलं. दोन्ही स्क्रिप्टनी बाटली शिल्लक असल्याचं पाहिलं, दोन्हीकडे 'राखीव' अशी पर्ची, म्हणजे चिठ्ठी, छापली गेली.

कमलाबाईचा भाऊ भेरूलाल काउंटरसमोर उभा होता. त्याचा गट तोच, आणि तो रक्त द्यायला तयार होता. पर्ची आली तेव्हा त्याला सांगितलं की आता गरज नाही. शेतात सोयाबीन कापून पडलेलं, तो हात जोडून निघून गेला.

अर्ध्या तासाने थिएटरवाल्यांनी बाटली नेली. त्यानंतर थोड्याच वेळात वरून नर्स पर्ची घेऊन आली, आणि दुबे मॅडमनी फ्रीज उघडून बंद केला. त्यांनी ढूंढो चालवून यादीतल्या दात्यांना फोन लावायला घेतले: एक बाहेरगावी, एकाचा फोन बंद, एक तापाने झोपलेला. निरखेजी तिथे आले, दोन्ही पर्च्या हातात घेतल्या आणि क्षणात त्यांना कळलं. कोणाला काही विचारलं नाही. "भाऊ कुठे गेला तिचा? त्याला ओळखतं कोण?" मी पाहिलं होतं त्याला. "चल," म्हणाले.

स्कूटरवर मागे बसून मी जीव मुठीत धरला होता. ते आधी देवास गेटच्या बस अड्ड्यावर गेले, तिथे कोणी म्हणालं की सांवेरकडची गाडी नानाखेड़्याहून सुटते, की लगेच स्कूटर वळवली. लाल सिग्नल त्यांना दिसले नाहीत, शिव्या ऐकू आल्या नाहीत. नानाखेड़्याला बस अड्ड्यातून बाहेर निघत होती. त्यांनी स्कूटर सरळ बसच्या तोंडासमोर आडवी घातली. ड्रायव्हर ओरडत असतानाच ते वर चढले. "भेरूलाल! कमलाबाई का भाई कौन है?" मी खालून खिडकीकडे बोट दाखवलं. तो मागच्या सीटवर गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता.

"साब, हमसे तो कहा कि परची मिल गई."

"परची झूठी थी," निरखेजी म्हणाले. "मैंने बनाई थी. चल."

मागे भेरूलालला बसवून ते गेले, मी टेम्पोने परतले. पोचले तेव्हा त्याचं रक्त काढणं चालू होतं आणि निरखेजी व्हरांड्यात इकडून तिकडे फिरत होते. तपासणी, जुळवणी झाली, बाटली वर गेली. दिवे लागायच्या सुमाराला मॅडम खाली आल्या आणि म्हणाल्या, "बच गई." माझ्या जिवात जीव आला. निरखेजींनी आपल्या हाताने मशीनमधून तोडो पुसून टाकलं. मग सगळ्या काउंटरना जाऊन सांगितलं की अडलं तर अडू द्या, मला बोलवा.

मॅडम मोठ्या मनाच्या होत्या. त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं की पेशंट ठीक आहे, चूक सुधारली आहे, सोमवारच्या कमिटीत हा विषय काढायची गरज नाही. मला आशा वाटली. मला निरखेजी जायला नको होते, एवढंच तेव्हा मला कळत होतं.

सोमवारी कमिटीत मी कागद धरायला होते. अध्यक्षांनी हसत विचारलं, "हाँ निरखेजी, तो आपका सिस्टम ही चलाएँ?" निरखेजी उभेच होते. त्यांनी गुरुवारची सगळी हकीगत सांगितली, पहिल्या पर्चीपासून बसपर्यंत. कोणावर ढकलली नाही, विजेवरसुद्धा नाही. मग म्हणाले, "साहेब, ही शेलची भाषा काम जोडायला फार चांगली आहे. तिच्याइतकं झटपट काही नाही. पण ती कोणाचं काही सांभाळून ठेवत नाही. एवढं मोठं हॉस्पिटल मी तिच्यावर चढवलं, ते मी चढवलं." जैनसाहेबांनी जिंकल्याचा आनंद दाखवला नाही, उलट ते म्हणाले की सगळ्या फाइलींची रोजची नक्कल टेपवर काढणाऱ्या आणि दाते शोधणाऱ्या निरखेजींच्या लहान स्क्रिप्ट त्यांना नव्या मशीनवरही हव्या आहेत, त्याहून चांगलं काही ते लिहू शकणार नाहीत. अध्यक्ष अवघडले होते. शेवटी त्यांनी ठरवलं की नवी यंत्रणा येऊ दे, पण ती निरखेजींनी तपासून हो म्हटल्याशिवाय जुनं मशीन हलवायचं नाही.

मला त्या निर्णयाचा राग आला. माणसाला हाकलायचं तर सरळ हाकला, त्याच्याच हातात दार कशाला देता? पण निरखेजी त्या दिवसापासून जैनसाहेबांच्या मागे लागले. त्यांना खात्याखात्यांतले अडथळे सांगत, चौकोनांच्या कागदांवर वाकून भांडत, "हे सुटलं तुमचं, हे पण सुटलं," म्हणत. जैनसाहेबांचा चहा गार होऊ लागला.

नवी यंत्रणा उन्हाळ्यात आली. तपासणीच्या दिवशी निरखेजींनी बाकी काहीच पाहिलं नाही. ते रक्तपेढीत गेले आणि फाइलीत एका गटाची एकच बाटली शिल्लक दाखवायला सांगितली. एका टर्मिनलवर मला बसवलं, दुसऱ्यावर स्वतः वाकून उभे राहिले. "मी हाँ म्हटलं की बटन दाब," म्हणाले. मी दाबलं. माझ्याकडे राखीव झाली, त्यांच्या पडद्यावर आलं, शिल्लक नाही. पुन्हा. या वेळी त्यांना मिळाली, मला नाही. त्यांनी मध्येच वीज तोडायला लावली. मशीन परत सुरू झालं तेव्हा अर्धवट राहिलेलं काम त्याने आपणहून मागे घेतलं होतं, बाटली मोकळी होती आणि कोणी अडकलं नव्हतं. त्यांनी मॅडमना बसवलं, दोन नर्सेसना बसवलं, सरजूबाईचंही बोट धरून बटणावर ठेवलं. चार जणांनी एकाच वेळी मागितली. एकालाच मिळाली. दुपारभर हे चाललं होतं. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि मला एकच वाटत होतं की एकदा तरी, एकदाच, ते नवं मशीन फसू दे.

"निरखेजी, बस," मॅडम हळूच म्हणाल्या.

"एक बार और."

पुन्हा एकालाच मिळाली. निरखेजी पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मुलगी दिलेल्या घरची माणसं चांगली निघाली हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेल्या बापाचा चेहरा होता तो.

"नाही देत गं," ते म्हणाले. "कितीही घाई करा, दोघांना नाही देत."

आणि जैनसाहेबांकडून पेन मागून घेऊन त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली.